अवघड गिऱ्हाईक आणि आपलं पहिलं उत्तर

विणकर्णी

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज स्वतःच धागा काढायची वेळ आली.

मी लोकरीच्या शाली विणते आणि एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकते. तीन वर्षं झाली. बाजारपेठेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला त्या कंपनीबद्दल बोलायचं नाहीये, माझ्या स्वतःच्या उत्तराबद्दल बोलायचंय.

परवा रात्री पावणेबाराला एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला. जसाच्या तसा देते: "फोटोत हिरवी, हातात आली ती राखाडी. उघडउघड फसवता तुम्ही लोकांना. पैसे परत करा, नाहीतर एक स्टार देईन आणि सगळीकडे लिहीन."

त्या शालीवर माझे एकोणीस दिवस गेलेत. काठाची वीण दोनदा उसवून पुन्हा घातली होती. मेसेज वाचला आणि कानशिलं तापली. सात-आठ ओळी टाइप केल्या, "रंग नीट बघून घ्यायचा होता" इथपासून "धमक्या मला देऊ नका" इथपर्यंत. पाठवणार तेवढ्यात नवऱ्याने फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाला, सकाळी पाठव. सकाळी वाचून पाहिलं तर तिचा प्रश्न सुटेल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. सगळ्या ओळी माझ्या रागाबद्दल होत्या.

तीन वर्षांत माझं एक मत झालंय. "अवघड गिऱ्हाईक" म्हणून आपण ज्याला ओळखतो तो एक माणूस नसतो. एखाद्याला खरंच वाईट वस्तू गेलेली असते. एखादा आधी दुसरीकडे फसलेला असतो आणि आता तोंड पोळल्यामुळे ताकही फुंकून पितो. एखाद्याचं मन बदललेलं असतं, पण तसं सरळ सांगायला त्याला संकोच वाटतो, म्हणून तो वस्तूत खोट काढतो. आणि एखादा खरोखरच लुबाडायला आलेला असतो. अडचण अशी की चौघांचा पहिला मेसेज हुबेहूब सारखा दिसतो. म्हणजे पहिलं उत्तरही असं हवं की ते चौघांनाही चालेल आणि त्यातून कोण कोणता ते कळेल.

तुम्ही पहिल्या उत्तरात काय लिहिता? नेमके शब्द सांगितलेत तर फार बरं होईल. माझ्याकडे उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे.


पुस्तकखोका

विणकर्णीताई, चांगला विषय काढलात. रात्री उत्तर पाठवलं नाहीत, तिथेच निम्मं काम झालं.

मी जुनी पुस्तकं विकतो. माझ्याकडच्या जवळपास सगळ्या तक्रारी एकाच शब्दावरून येतात: "स्थिती". मी "चांगली" लिहितो, कारण पुस्तक मला चांगलं वाटतं, पानं सगळी आहेत, बांधणी घट्ट आहे. घेणाऱ्याला "चांगली" म्हणजे कोरं करकरीत वाटतं. दोघंही खरं बोलत असतात. हे उमगायला मला चार वर्षं लागली. तेव्हापासून मी विशेषणं लिहीत नाही, दोष लिहितो. पहिल्या पानावर जुन्या मालकाची सही, पान ४० ते ५२ वर पेन्सिलीच्या खुणा, कण्यावर एक उभी चीर, पानांच्या कडा पिवळ्या. विक्री कमी होईल अशी धास्ती होती. झाली नाही, आणि तक्रारी मात्र एकदम उतरल्या.

यावरून ईबेची सुरुवातीची गोष्ट आठवते. १९९५ साली पिएर ओमिड्यारने "ऑक्शनवेब" नावाने ती साइट सुरू केली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. घेणाऱ्याला तो बिघडलाय हे समजलंय ना, अशी ओमिड्यारने विचारणा केली, तर उत्तर आलं की मी बिघडलेलेच गोळा करतो. मला या गोष्टीतलं ते विचारणं फार आवडतं. विक्री झालेली होती, पैसे येणार होते, तरी त्याने विचारलं. वस्तू निघण्याआधी विचारलेला एक प्रश्न पोहोचल्यानंतरच्या दहा मेसेजचं काम करतो. एखाद्या पुस्तकाची अवस्था फारच नाजूक असेल तर मी आजही पार्सल करण्याआधी एक ओळ पाठवतो: "कण्याला चीर आहे हे पाहिलंत ना? चालणार असेल तर आज पाठवतो."

पहिल्या उत्तराबद्दल: "माफ करा, पण" अशी सुरुवात कधीही करू नका. त्या "पण"ने आधीची माफी पुसली जाते.


तक्रारखिडकी

मी एका बाजारपेठेच्या तक्रार निवारण विभागात चार वर्षं काम केलं, आता सोडलंय. टेबलाच्या त्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो, त्याने पुष्कळांना मदत होईल असं वाटतं.

केस उघडली की समोर तीनच गोष्टी असायच्या: लिस्टिंग (म्हणजे वस्तूचं विक्रीचं पान), ट्रॅकिंग आणि तुमच्या दोघांमधले मेसेज. शाल विणायला किती दिवस लागले, सेलर किती वर्षं प्रामाणिकपणे धंदा करतोय, त्या रात्री घरी काय परिस्थिती होती, यातलं काहीच दिसत नाही. आणि एका केससाठी वेळ मोजकाच. मी मेसेज खालून वर वाचत जायचो. शेवटचा शब्द कोणाचा? सेलरने नेमकं काय देऊ केलं होतं? गिऱ्हाइकाने ते नाकारलं, की उत्तरच दिलं नाही? एवढं कळलं की बहुतेक निकाल लागलेला असायचा.

आता विचार करा. एका बाजूला "फसवता तुम्ही लोकांना" आणि त्याखाली "धमक्या मला देऊ नका". वाचणाऱ्याला दोन भांडणारी माणसं दिसतात. आणि दोघं भांडत असतील तेव्हा नियम खरेदीदाराच्या बाजूने झुकतो, कारण तो तसाच लिहिलेला असतो. त्याऐवजी "फसवता तुम्ही लोकांना" याखाली शांत चार ओळी असल्या, एक फोटो मागितलेला असला आणि दोन पर्याय दिलेले असले, तर चित्र पालटतं. मग समोरच्याने फोटो दिला नाही तर तेही बोलतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: उत्तर गिऱ्हाइकाला लिहा, पण ते एक तिसरा माणूस वाचणार आहे असं धरून लिहा. त्या तिसऱ्याला तुमच्या दोघांबद्दल काहीही माहीत नाही.

त्याच कारणासाठी सगळं बोलणं बाजारपेठेच्या मेसेजमध्येच ठेवा. फोनवर बोलून प्रश्न मिटला तर उत्तमच, पण फोन ठेवल्या ठेवल्या तिथे एक ओळ लिहा: "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे तुम्ही शाल परत पाठवताय आणि ती मिळाल्यावर मी पूर्ण रक्कम परत करणार आहे." नाहीतर ते बोलणं झालंच नाही असं धरलं जातं.

मुदतींकडे लक्ष ठेवा. एट्सी या हस्तकलेच्या बाजारपेठेवर खरेदीदाराने मदत मागितल्यानंतर सेलरला ४८ तास मिळतात, मग खरेदीदाराला केस उघडता येते. ईबेवर परतीच्या विनंतीला कामकाजाच्या ३ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ॲमेझॉनला गिऱ्हाइकाच्या मेसेजला २४ तासांत उत्तर हवं असतं, सुट्टी असो वा नसो. हे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा आपल्या बाजारपेठेचं नियमांचं पान वाचून ठेवा. बाजू शंभर टक्के खरी असलेले सेलर केवळ उत्तर वेळेत न गेल्यामुळे हरताना मी पाहिलेत, आणि मला तेव्हा काहीही करता यायचं नाही. त्याचं वाईट आजही वाटतं.


मातीचेहात

विणकर्णीताई, तुमचे एकोणीस दिवस मला समजतात. मी चाकावर भांडी घडवते.

माझ्याकडे फुटून पोहोचणं हीच मुख्य तक्रार. पहिली दोन वर्षं मी लगेच विचारायचे, "फोटो पाठवा." बरोबरच होतं ते, पण समोरच्याला असं वाटायचं की मी त्याला खोटं ठरवतेय. मग एकदा एका बाईंनी लिहिलं की खोका उघडताना तुकडा बोटाला लागला आणि तुम्ही आधी पुरावा मागताय. मी शरमले. त्या दिवसापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "हाताला लागलं तर नाही ना?" त्यानंतर फोटोचं. हे काही मी युक्ती म्हणून करत नाही, मला खरंच जाणून घ्यायचं असतं. पण त्या एका वाक्याने मेसेजचा सूर इतका बदलतो की पुढचं सगळं सोपं होतं.

फोटो मात्र नीट मागा. फुटलेली वस्तू, आतलं पॅकिंग, खोका बाहेरून सगळ्या बाजूंनी, आणि पत्त्याचं लेबल. कुरियरकडे भरपाई मागायची तर नुसता तुकड्यांचा फोटो पुरत नाही, खोका आणि पॅकिंग बघितल्याशिवाय ते दावा पुढे सरकवत नाहीत. म्हणून "निकाल लागेपर्यंत खोका टाकू नका" हेही पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. लोक तुकडे सांभाळून ठेवतात आणि खोका त्याच दिवशी कचऱ्यात जातो.

आणि पॅकिंग: खोक्यात खोका, मध्ये चारी बाजूंनी दोन इंच भरण. बंद केल्यावर कानाशी धरून हलवा. आतून जरा जरी आवाज आला तर उघडून पुन्हा बांधा. माझ्याकडच्या फुटण्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त याने घटल्या. गोड बोलून तेवढ्या घटल्या नसत्या.


जुनीभिंगं

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण चौथ्या प्रकारच्या माणसाबद्दलही कोणीतरी लिहायला हवं.

मी कॅमेऱ्याची जुनी लेन्स विकतो. काही वर्षांपूर्वी एक लेन्स गेली आणि आठवड्याने तक्रार आली, आत बुरशी आहे. मी म्हटलं, परत पाठवा. पार्सल आलं, उघडलं, टॉर्च लावून पाहिलं. खरंच बुरशी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेपासून मध्यापर्यंत पसरलेली. क्षणभर मलाच वाटलं की आपल्याच नजरेतून सुटलं असेल. मग फोकसची रिंग फिरवली. माझी लेन्स एका ठिकाणी किंचित अडायची. ही लोण्यासारखी फिरत होती. पुढची नाव कोरलेली चकती माझीच होती, नंबरही तोच. फक्त चकतीच्या खाचांमध्ये ताजे ओरखडे होते. चकती काढून दुसऱ्या, खराब लेन्सवर बसवली होती.

मी केस हरलो. ती लेन्स निघताना अडत होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. नुसत्या आठवणीला कोण पुरावा मानणार?

आता महागडी वस्तू निघाली की मी एकच अखंड व्हिडिओ काढतो, मध्ये कुठेही न थांबवता. नंबर, पुढची काच, मागची काच, टॉर्चच्या उजेडात आतला भाग, सगळ्या रिंग फिरवून, मग पॅकिंग, लेबल, आणि शेवटी वजनकाट्यावर बंद खोका. वजन फार महत्त्वाचं आहे. "खोका रिकामा आला" अशी तक्रार आली तर कुरियरच्या पावतीवरचं वजन तुमच्या बाजूने बोलतं. परत आलेलं पार्सलही तसंच उघडायचं. लेबल आधी दाखवायचं, मग चिकटपट्टी कापायची, कॅमेरा बंद न करता.

हे व्हिडिओ लगेच पुसून टाकू नका. बाजारपेठेची परतीची मुदत संपली म्हणजे सुटलो असं नाही. कार्डाने पैसे भरलेले असतील तर गिऱ्हाईक थेट बँकेकडे जाऊन चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागू शकतं, आणि व्हिसा-मास्टरकार्डमध्ये बहुतेक कारणांसाठी ती मुदत १२० दिवसांची असते. पेपालवर वाद उघडायला १८० दिवस मिळतात. मी वर्षभर ठेवतो.

आणखी एक. पैसे परत करायचे तर ज्या वाटेने आले त्याच वाटेने करा. "बाहेरून खात्यात टाका, लवकर मिळतील" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. बाहेरून दिलेला परतावा बाजारपेठेला दिसत नाही, आणि तोच माणूस आतून पुन्हा मागू शकतो. मग दोनदा पैसे जातात.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या प्रकारानंतर सहा महिने मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चोर म्हणून पाहिलं. एका वृद्ध गृहस्थांनी साधी शंका विचारली, झाकण कसं काढायचं, आणि मी त्यांना परतीचे नियम चिकटवले. ते दर वर्षी काहीतरी घ्यायचे. पुन्हा आले नाहीत. एका लुबाडणाऱ्याने माझी एक लेन्स नेली, पण ते गृहस्थ गेले ते माझ्यामुळे. व्हिडिओचा खरा फायदा मला तिथे झाला. पुरावा हाताशी आहे म्हटल्यावर मेसेजमध्ये संशय दाखवायची गरजच उरत नाही, मोकळेपणाने बोलता येतं.


धाकटीपाती

खूप शिकायला मिळतंय. वाचनखूण साठवली आहे.

मी नवीन आहे, जेमतेम चाळीस ऑर्डर झाल्यात. हाताने बांधलेल्या वह्या विकते. मला मागच्या आठवड्यात एकांनी लिहिलं, "वही ठीक आहे, पण अर्धे पैसे परत दिलेत तर पाच स्टार देईन, नाहीतर एक." चाळीसात एक स्टार म्हणजे मला खूप होतो हो. मी दोन दिवस झोपले नाही. शेवटी देऊन टाकले अर्धे पैसे. चुकलं का माझं?


तक्रारखिडकी

धाकटीपाती, स्वतःला दोष देऊ नकोस. चाळीस ऑर्डर झालेल्या सेलरलाच असे मेसेज जास्त येतात, कारण एका स्टारची भीती त्यालाच सर्वांत मोठी.

पुढच्या वेळी असं कर. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे किंवा वस्तू मागणं मोठ्या बाजारपेठांच्या नियमांत बसत नाही, तेव्हा त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून लगेच तक्रार नोंदव. पण त्या माणसाला उत्तर देताना आरोप करू नकोस. एवढंच लिही: "वही पसंत नसेल तर ती परत घेऊन पूर्ण पैसे द्यायला मी तयार आहे. रिव्ह्यू काय द्यायचा तो निर्णय सर्वस्वी तुमचा आहे." ही दोन वाक्यं तिसऱ्या माणसाने वाचली की त्याला सगळं समजतं.

आणि उलट बाजूने हीच चूक आपण करायची नाही. "रिव्ह्यू काढून टाका, मी पैसे देते" असं कधीही लिहू नकोस. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी यावरून खातं बंद होऊ शकतं. अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशनचा यावर नियमच आहे, ऑक्टोबर २०२४ पासून लागू: ठरावीक मत लिहिण्याच्या अटीवर पैसे देऊन रिव्ह्यू मिळवणं आणि धमकावून वाईट रिव्ह्यू दाबणं, दोन्हीला बंदी.

अन्यायाची भावना मला कळते. ईबेवर एके काळी सेलरही खरेदीदाराला वाईट शेरा देऊ शकत होता. त्यामुळे झालं असं की खरं लिहिलं तर सेलर सूड घेईल या भीतीने खरेदीदार गप्प बसायचे. २००८ मध्ये त्यांनी सेलरचा तो अधिकार काढून घेतला. सेलरला त्रास झाला, तरी त्यामागचं कारण मला पटतं. आपल्या हातात आता उरतं ते रिव्ह्यूखालचं जाहीर उत्तर. ते दोन ओळींचं असावं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं असावं. "शिवण सैल होती, बदलून दिली" एवढं पुरे. लांबलचक खुलासा दिसला की वाचणारा एक स्टारवर विश्वास ठेवतो.


हिशेबी

थोडा वेगळा सूर लावतो. इथे सगळे "पैसे परत देऊन टाका" याकडे कलताना दिसतायत.

धंद्याच्या पुस्तकांतून एक कल्पना फार फिरते, की चूक झाल्यावर ती उत्तम रीतीने निस्तरली तर गिऱ्हाईक चूक न झालेल्यापेक्षाही जास्त खूश होतं. १९९२ साली मॅककोलो आणि भारद्वाज या अभ्यासकांनी या गोष्टीला नाव दिलं. मी भारावून वर्षभर त्याप्रमाणे वागलो. पुढे कळलं की २००७ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा समाधान वाढतं हे खरं निघालं, पण माणूस पुन्हा खरेदीला येण्याची इच्छा वाढते असं काही आढळलं नाही. माझा स्वतःचा अनुभवही तोच. लोक मनापासून आभार मानतात आणि पुन्हा येत नाहीत.

तेव्हा परतावा द्यायचा तो देणं लागतो म्हणून द्यावा. गिऱ्हाईक जिंकायला म्हणून देऊ नये. आणि किती देणं लागतो हे लिस्टिंगमध्ये आधी लिहिलेलं असावं, मनाच्या लहरीवर नको. परदेशी विकत असाल तर तिथला कायदाही बघा. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, २०११ च्या निर्देशानुसार. मात्र गिऱ्हाइकाच्या मापाने किंवा त्याच्या सांगण्यावरून खास बनवलेली वस्तू यातून वगळलेली आहे. विणकर्णीताई, तयार शाल आणि ऑर्डरप्रमाणे विणलेली शाल, या दोन्हींसाठी तुमचा नियम एकच आहे का? नसावा.


पुस्तकखोका

हिशेबीराव, तत्त्व मान्य. पण स्वस्त पुस्तकाच्या परतीला पुस्तकापेक्षा टपाल जास्त पडतं. तिथे मी "पुस्तक ठेवा, पैसे घ्या" म्हणतो आणि मोकळा होतो. डोक्याचा ताप वाचतो.


हिशेबी

तिथे ठीक. फक्त कोणाला असं दिलं त्याची नोंद ठेवा. एकाच पत्त्यावरून तिसरी तक्रार आली तर नोंदीशिवाय लक्षात येत नाही.


विणकर्णी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारीच उत्तर पाठवलं. तुम्हा सगळ्यांचं थोडंथोडं त्यात आलंय:

"नमस्कार. शालीचा रंग फोटोपेक्षा वेगळा निघाल्याने तुमची निराशा झाली, हे समजलं. लिस्टिंगमध्ये 'शेवाळी हिरवा' रंग दिला आहे. दिवसा खिडकीजवळ एक फोटो काढून इथेच पाठवाल का? चुकीची शाल गेली आहे का ते मला तपासता येईल. शाल नको असेल तर मी ती परत घेईन आणि मिळाल्यापासून दोन दिवसांत पूर्ण रक्कम देईन. तुम्हाला काय सोयीचं ते सांगा."

"फसवणूक" या शब्दाला उत्तरच दिलं नाही. ते सगळ्यात जड गेलं.

आज सकाळी फोटो आला. मी माझ्या उरलेल्या लोकरीचा गुंडा घेऊन खिडकीपाशी गेले आणि फोन शेजारी धरला. मंडळी, ती शाल राखाडीच दिसते. राखाडीत हिरव्याची छटा आहे एवढंच. माझे लिस्टिंगचे फोटो बघितले तर ते रात्री काढलेले, दिवा पिवळ्या उजेडाचा, २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). त्या उजेडात ती लोकर शेवाळासारखी हिरवीगार दिसते, आणि वर मी "जरा उठाव यावा" म्हणून रंग गडद केला होता. दिवसाचा उजेड ५५०० च्या पुढे असतो, त्यात तो पिवळेपणा निघून जातो. चौघांपैकी ती पहिली होती. तिला खरंच चुकीची वस्तू गेली होती, आणि ती मी पाठवली होती.

मी लगेच तसं लिहिलं: "तुमचं बरोबर आहे. फोटोत रंग चुकला आहे, चूक माझी. परत पाठवायचा खर्चही माझ्याकडे." थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. पहिल्या मेसेजपेक्षा खूप वेगळं. आधी दोन ठिकाणी तिची ऑर्डर बिघडली होती आणि दोन्ही वेळा कोणी उत्तरच दिलं नव्हतं, म्हणून सुरुवातीलाच तसं लिहिलं, असं म्हणाली. शाल तिला एका कपड्यावर जुळवायची होती, त्यामुळे ती परतच येतेय. रिव्ह्यूबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

हिशेबीराव, तुमचा प्रश्न अचूक लागला. माझा नियम एकच होता. आज दोन वेगळे लिहून काढले.


मातीचेहात

ताई, फोटो पुन्हा काढाल तेव्हा शेजारी पांढरा साधा कागद ठेवून एक फोटो घ्या. कागद पांढराच दिसतोय ना ते आधी बघायचं. तो पिवळा किंवा निळा दिसला तर शालीचा रंगही खोटा येतोय. आणि फोनचा रात्रीचा मोड बंद करून तपासा, तो पडदा पिवळा करतो.


विणकर्णी

हे माहीत नव्हतं. कागद काढून ठेवला. अकरा शाली आहेत, सगळ्यांचे फोटो उद्या सकाळी खिडकीपाशी पुन्हा काढते. "शेवाळी हिरवा" हे नावही बदलतेय. तिने तिच्या मेसेजमध्ये "पावसाळी ढगासारखा" असं लिहिलं होतं, तिला विचारून तेच ठेवेन म्हणते.